वेशीपर्यंतचे अंतर

ज्या जुन्या शहरात मी कुत्र्यांना फिरवण्याचा व्यवसाय करते, त्याच्या तटबंदीच्या आत मोटारींना प्रवेश नाही, आणि या कामासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. गल्ल्या अरुंद आणि फरसबंद आहेत, अंगावर येणारी वाहने नाहीत, आणि दगडी कोपऱ्याकोपऱ्यांवर हुंगण्यासारखे इतके काही असते की थोड्या अंतरातही कुत्र्याचे मन भरते. ब्रूनोच्या पोटात पीळ पडला त्या संध्याकाळी मात्र मोटार आत न येणे हीच आमच्यापुढची सर्वांत मोठी अडचण ठरली.

ब्रूनो हा 7 वर्षांचा, सुमारे 60 किलो वजनाचा ग्रेट डेन. त्याच्याबरोबर मी दुसरा कुत्रा घेत नाही, कारण पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांवर एवढ्या वजनाने ओढ घेतली तर दोन पट्टे एका माणसाच्या हातात राहत नाहीत. कमानीखालचा खांब हुंगल्याशिवाय तो कधी पुढे जात नसे. त्या दिवशी त्याने खांबाकडे पाहिलेही नाही. तो मान खाली घालून उभा राहिला, पुन्हा पुन्हा वळून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागला, आणि मग त्याला उमासे येऊ लागले. पण प्रत्येक वेळी बाहेर पडला तो फक्त पांढरा फेस. उलटी करून मोकळा होणारा कुत्रा आणि उलटी होत नाही म्हणून तळमळणारा कुत्रा यांतला फरक या व्यवसायातल्या प्रत्येकाला ओळखता आलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मी बरगड्यांच्या मागे हात ठेवला, तेव्हा पोट ढोलासारखे ताणलेले लागले. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबली. निरोगी कुत्र्यात तिथला गुलाबी रंग साधारण 2 सेकंदांच्या आत परत येतो, ब्रूनोची हिरडी मुळातच फिकट होती आणि रंग परतायला वेळ लागत होता. खोल छातीच्या मोठ्या जातींत जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. मग आत जाण्याचा व बाहेर पडण्याचा दोन्ही मार्ग बंद होतात, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि जठराची भिंत मरू लागते. यावर घरगुती उपाय नाही. पाणी पाजणे, पोट चोळणे, उलटी करवण्याचा प्रयत्न करणे यांत फक्त वेळ जातो, आणि वेळच तर हातात नसतो.

मी तिथूनच रात्रपाळीच्या पशुरुग्णालयाला फोन करून लक्षणे सांगितली, म्हणजे आम्ही पोहोचेपर्यंत शस्त्रक्रियेची तयारी सुरू होईल. दुसरा फोन वेशीबाहेर टॅक्सी उभी करण्यासाठी केला. वेशीकडे जाणारी जवळची वाट पायऱ्यांची होती. ती मी सोडली, कारण ब्रूनोचे मागचे पाय थरथरू लागले होते आणि पायऱ्यांवर तो कोसळला असता तर त्याला उचलणे कठीण झाले असते. लांबच्या सपाट रस्त्याने तो निम्मे अंतर स्वतःच्या पायांनी आला आणि मग खाली बसला. कोणीतरी माल वाहण्याची हातगाडी पुढे केली, पण फरशीवरचे हादरे त्या ताणलेल्या पोटाला बसू द्यायला माझे मन तयार होईना. शेवटी वरच्या खिडकीतून एक जाड घोंगडी खाली आली, अनोळखी चौघांनी तिची चार टोके धरली, आणि पोटावर दाब येऊ नये म्हणून मी त्याला कुशीवर धरून बाजूने चालत राहिले. त्या चौघांचे उपकार मी विसरू शकत नाही.

मालकीणबाई प्रवासात होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. तातडीच्या उपचारांना त्यांची लेखी संमती माझ्याकडे होती. काम स्वीकारतानाच मी ती प्रत्येकाकडून घेते, आणि ती द्यायला जे तयार नसतात त्यांचा कुत्रा मी घेत नाही. त्यामुळे टेबलावर घेतल्यापासून कोणालाही थांबावे लागले नाही. क्ष-किरण चित्रात जठराचे दोन कप्पे पडलेले स्पष्ट दिसले. डॉक्टरांनी आधी सुईने वायू बाहेर काढला, शिरेतून द्रव सुरू केले, आणि मग पोट उघडून जठर सरळ केले व ते पुन्हा फिरू नये म्हणून पोटाच्या भिंतीला शिवून टाकले. अशा शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका पुढचे काही दिवस राहतो, म्हणून त्याला रुग्णालयातच ठेवले. जठराला लागून असलेली प्लीहाही अशा वेळी पिळली जाऊ शकते, पण ती काढावी लागली नाही.

आता त्याला दिवसाचे खाणे एकदम न देता थोडे थोडे विभागून देतात, आणि खाल्ल्यावर लगेच मी त्याला बाहेर नेत नाही. हा आजार रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो, म्हणून मालकीणबाईंनी ब्रूनोच्या सख्ख्या बहिणीला सांभाळणाऱ्या कुटुंबालाही कळवले; तिच्या नसबंदीच्या वेळीच डॉक्टरांनी तिचे जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेतले.