काड्यांचा हिशेब

"काका, तोंडात काड्या किती जातात?" माझ्या तोंडाच्या कॅन्सरच्या आजारपणात कामाचा म्हणावा असा हा पहिला प्रश्न. बाकी सगळे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून निघून जायचे. त्या दोन शब्दांचा मला तेव्हा राग यायचा, आजही येतो.

खर्रा मी कॉलेजपासून खायचो. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटतात, तो खर्रा. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तेव्हा आम्ही मित्र पानठेल्यावर उभे राहून "बरं झालं, लोक मरत होते" म्हणत खर्राच चघळत होतो. पुढे डाव्या गालातली जखम भरेना. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या, मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार, असे ३०. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा टाकून तो टेबलाला खटक्यांनी अडकवतात. आत मी गाड्या मोजायचो, म्हणजे इतवारीतल्या माझ्या दुकानासमोरून रोज जाणाऱ्या, आठवून आठवून.

शेक संपले तोवर तोंडात एक बोटही जेमतेम जायचं. लाळ आटलेली, चव गेलेली. दिवसातून सहा-सात वेळा मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या, आणि जेवणाला ताक नाही तर पेज. हॉस्पिटलातून तोंड उघडण्याच्या व्यायामाचा कागद मिळाला होता, पण इंग्रजीत. तो फ्रिजवर चिकटलेला राहिला.

काड्यांचं विचारणारा कामठीचा. माझ्यासारखाच एका बाजूनं बसलेला गाल, वय माझ्यापेक्षा दहानं कमी. तो आणि तीन-चार जण तपासणीच्या रांगेत पेशंटशी बोलत फिरायचे. "शनिवारी या नं काका. बोलायचं नसन तं नका बोलू. आमच्यातल्या अर्ध्यांचं बोलणं तसंही कोणाले समजत नाही." शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदा हसलो, आणि टाक्यांची जागा ओढली गेली.

गेलो. एका शाळेच्या वर्गात आमच्यासारख्याच पेशंटांचा गट, पंधरा-वीस माणसं, चहा आणि भरपूर भांडणं. त्यानं आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा काढला. मधल्या दातांमध्ये एकावर एक काड्या ठेवायच्या, जितक्या बसतील तितक्या, मग मधे एक सरकवायची आणि तसंच थांबायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. माझ्या सात गेल्या. त्यानं वहीत लिहिलं, ७. पुढच्या शनिवारी ८. नंतर तीन आठवडे ८च, आणि मी घरी बायकोवर ओरडत होतो. मार्चपर्यंत १५ झाल्या. पोळी वरणात कुस्करून खाता आली. तर्री-पोह्यातली तर्री मात्र अजून झेपत नाही, नुसते पोहे खातो आणि शेजारच्याच्या प्लेटकडे बघतो.

हळूहळू मीही रांगेत उभा राहू लागलो. गडचिरोली, यवतमाळ, बालाघाट, छिंदवाडा, कुठकुठून माणसं येतात. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे कसं जायचं, एवढं सांगितलं तरी माणसाचा चेहरा बदलतो. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत, फक्त डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. हे ठाऊक नसल्यानं पदरचे पैसे घालून येणारे मी किती पाहिले. दुकानात माझं बोलणं गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून गल्ल्यावर मुलगा बसतो. इथे मात्र मी बोललो की रांग कान देऊन ऐकते.

गटातले सगळे टिकत नाहीत. कामठीचा मित्र पोळ्यानंतर गेला, आजार परत आला होता. मी दोन शनिवार फिरकलो नाही. तिसऱ्या शनिवारी गटातल्या मावशींचा फोन. "बालाघाटचा पोरगा आला आहे, तोंडच उघडत नाही. काड्यांचं आम्हाला काय समजते? तुम्हीच या."

वही मावशींनी जपली होती. पोराच्या पाच गेल्या. सहावीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी थांबवलं आणि ५ लिहिलं.

"चाचा, समोसा कब खा पाऊँगा?"

"समोसा बाद में. पहले इडली, सांबार में भिगोकर."