एकोणसाठ

सांगली जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेवर असलेल्या जत तालुक्यातील एका वस्तीवरच्या शाळेवर मी 1997 साली नोकरीची पहिली दोन वर्षे काढली आणि बदल्यांच्या फेऱ्यातून फिरत 2019 साली पुन्हा त्याच शाळेवर आलो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुसरीच्या वर्गात एक मुलगी फळ्यापाशी आली. मी ‘एकोणसाठ’ सांगितले आणि तिने 69 लिहिले.

ही चूक प्राथमिक शिक्षकाला नवी नाही. मुलाच्या कानावर ‘साठ’ पडते, म्हणून ते सहा लिहिते. अठ्ठावन्ननंतर नऊ यायला हवा हेही त्याला ठाऊक असते, म्हणून पुढे नऊ मांडते. ‘एकोण’ म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, हे त्याला कोणी उलगडून दाखवलेले नसते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ ठिकाणी हाच खड्डा आहे, आणि नव्व्याण्णवला नियम मोडतो तो वेगळाच. बावन्नसारख्या नावात तर आधी दोन ऐकू येतात आणि नंतर पन्नास, त्यामुळे अनेक मुले 25 लिहितात. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीने त्या वर्षी दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास नऊ’ अशा वाचनाला जागा दिली ती यासाठीच. त्यावर टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांच्या मुलाला शतकापर्यंतचे अंक लिहायला शिकवले होते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

मी तिला गठ्ठे मांडायला सांगितले. खराट्याच्या दहा-दहा काड्यांना रबर लावून आम्ही दशक करतो. तिने पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या मांडल्या. “घरी याला काय म्हणता?” असे मी विचारले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, वर्गात कानडी बोललेले चालेल की नाही याचा अंदाज घेतला, आणि हळूच म्हणाली, “ऐवत्तोंबत्तु.” ऐवत्तु म्हणजे पन्नास, ओंबत्तु म्हणजे नऊ. पुस्तकात नव्याने आलेली रीत तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. तिने 69 पुसून 59 लिहिले. मग शेजारी सहा गठ्ठे ठेवून त्यातली एक काडी काढायला लावली, तेव्हा ‘एकोणसाठ’ हे नावही तिचे तिलाच उमगले.

मला त्या वेळी आठवला तो तिचा बाप. तोही माझ्याच हाताखाली दुसरीत होता, याच फळ्यावर त्यानेही 69 लिहिले होते, आणि मी त्याच्या तळहातावर छड्या मारून ‘एकोणसाठ’ शंभर वेळा लिहायला लावले होते. आकडे कानडीत पुटपुटायचा म्हणूनही तो मार खायचा. पुढच्या वर्षी तिसरीत मी त्याला नापास केले. शिक्षणहक्क कायदा 2010 साली लागू झाला आणि छडी व नापासी दोन्ही गेली, तेव्हा आता मुले अभ्यास करणार नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्यांत मीही होतो.

जुन्या वर्गात सगळेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. तीसपर्यंतचे पाढे आम्ही एका सुरात म्हणवून घेत असू, माझ्या वडिलांना तर पावकी, निमकी, पाउणकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे तोंडपाठ होते आणि बाजारात हिशेब सांगायला त्यांना कागद लागत नसे. ती चपळाई आज माझ्या विद्यार्थ्यांत नाही, याचे मला वाईट वाटते. परंतु त्या सामुदायिक सुरात कोणते मूल नुसते ओठ हलवते आहे हे मला कधी कळले नाही. आज ते कळते, आणि कळूनही त्या मुलापाशी बसायचा वेळ आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदी व ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, हे मला अत्यंत चुकीचे वाटते.

त्या संध्याकाळी बाप मुलीला न्यायला आला. तिने त्याला काड्या मांडून दाखवल्या. त्याने एक गठ्ठा हातात घेऊन काड्या मोजल्या आणि मला विचारले, “गुरुजी, आमच्या टायमाला ह्या काड्या नव्हत्या का?”

खराटा शाळेत तेव्हाही होता. मी त्याला तसेच सांगितले.