शेवटच्या दिवशी खाओ सानहून व्हॅन घेऊ नका

आधी निकाल सांगतो, रडगाणं मागून. बँकॉकचा शेवटचा दिवस खाओ सानला, म्हणजे पाठपिशवीवाल्यांच्या स्वस्त गेस्टहाउसांच्या रस्त्याला, काढणार असाल आणि विमान सुवर्णभूमीहून असेल, तर गेस्टहाउसच्या काउंटरवर मिळणारं शेअर व्हॅनचं तिकीट घेऊ नका. फुकट दिलं तरी घेऊ नका.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघं बडोद्याचे, पाठीवर अकरा-अकरा किलो घेऊन ४३ दिवस फिरत होतो. व्हिएतनाम, लाओस, मग उत्तर थायलंड. व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'चे घाट मोटरसायकलवर केले, मेकाँगवर स्लो बोटीत दोन दिवस ढुंगण सोलवटून घेतलं, चियांग माय ते 'पाय' नावाचं गाव ही ७६२ वळणं उपाशीपोटी पार केली. छान झालं सगळं, त्यात मी नवीन काय सांगणार. फसलो ते शेवटच्या तीस किलोमीटरला.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही फारच शहाणे होतो. ग्रँड पॅलेसच्या भिंतीशी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आला आणि म्हणाला, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद, तोवर टुकटुकने तीन देवळं दाखवतो, फक्त चाळीस बाट. ही जुनी भानगड, शेवटी हिऱ्या-माणकांच्या दुकानात नेऊन सोडतात. राजवाडा उघडाच होता. आम्ही त्याला नमस्कार केला आणि पुढे गेलो. आत मात्र शिरलो नाही. ५०० बाट तिकीट, हाफ पँट चालत नाही आणि उन्हात एवढी गर्दी की शेवटच्या दिवशी नकोच. त्यापेक्षा था तियेनच्या धक्क्यावरून पलीकडे वाट अरुण या देवळात जा, नदी ओलांडायला चार-पाच बाट पडतात.

मग फान फा धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट पकडून हुआ चांगला उतरलो, थोडी खरेदी केली, त्याच बोटीने परत आलो. ही बोट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत पैसे गोळा करतो. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेली माणसं दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतात, नाहीतर ते काळं पाणी तोंडावर. पंधरा-वीस बाट आणि ट्रॅफिक नावाची गोष्ट नाही.

आता व्हॅन. माणशी २२० बाट, वेळ साडेचार, विमान रात्री ९:५० चं. चिठ्ठी गुलाबी कागदाची, बॉलपेनने वेळ लिहिलेली. पाच वाजले तरी व्हॅन नाही. काउंटरवरच्या बाईने चिठ्ठी मागितली, पाहिली, परत दिली. पंधरा मिनिटांनी भाऊ म्हणाला, "दादा, हिने साडेचारचं साडेपाच केलंय." खरंच, चारवर पाच गिरवलेला होता, शाई अजून ओली. पाच चाळीसला व्हॅन आली. पुढचा अर्धा तास ती गल्ल्यागल्ल्यांतून आणखी सात जणांना गोळा करत फिरली. आरशाला मोगऱ्याची माळ, आपल्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मिळते तशीच, आणि ती हलतच नव्हती, कारण गाडीच हलत नव्हती.

योम्मरातच्या चौकात रेल्वे फाटक आहे. तिथे फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही दोन गाड्या पुढे सरकलो, पुन्हा फाटक पडलं. सात वाजून गेले होते. अशात ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, एक्सप्रेसवेचा टोल माणशी पन्नास बाट वेगळा. तिकिटात सगळं धरलंय असं काउंटरवर सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. मी मराठीत जे बोलायचं ते बोललो, त्याने हात जोडले आणि हसला. पैसे परत मिळणार नव्हतेच. आम्ही बॅगा ओढून रस्त्यावर उतरलो आणि फाया थाई स्टेशनाकडे चालत सुटलो. दीडेक किलोमीटर असेल, पण फुटपाथवर खाण्याच्या गाड्या आणि पाठीवर अकरा किलो. पावणेआठची एअरपोर्ट रेल मिळाली. माणशी ४५ बाट, अर्ध्या तासात विमानतळाच्या पोटात. सामानाचं काउंटर बंद व्हायला तीसेक मिनिटं होती. राग कशाचा, तर ज्या कालव्यातून दुपारी आलो, तो आमच्या रस्त्याला जवळजवळ समांतर जात होता.

म्हणून असं करा. खाओ सानला ना मेट्रो ना स्कायट्रेन. बॅग घेऊन फान फापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चाला, बोटीने हुआ चांगला उतरा, तिथून किलोमीटरभर चालत फाया थाई आणि पुढे रेल. मात्र बोट संध्याकाळी लवकर थांबते, म्हणून पाचच्या आत निघा, विमान कितीही उशिराचं असो. विमानतळावर बसलेलं परवडलं. एस-१ नावाची बस ६० बाटला थेट जाते, पण तीही त्याच रस्त्यांवरून, तेव्हा दुपारीच. मीटरची टॅक्सी ३५ बाटने सुरू होते, खाओ सानच्या तोंडाशी उभी असलेली मात्र मीटर टाकत नाही, आम्हाला सरळ सहाशे सांगितले. आणखी बरं, शेवटची रात्र खाओ सानला काढूच नका, फाया थाईजवळ खोली घ्या. आणि तिकिटावर डॉन मुआंग आहे की सुवर्णभूमी ते दोनदा वाचा, दोन्ही विमानतळ शहराच्या दोन दिशांना आहेत.

पैशाचं एक. शेवटच्या दिवशी एटीएमला हात लावू नका, परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापतात, मग काढा पाचशे नाहीतर पाच हजार. उरलेल्या नोटा सुवर्णभूमीच्या तळघरात, रेल्वेच्या दाराजवळच्या काउंटरवर बदला, वरच्या मजल्यांपेक्षा भाव खूप बरा. नाणी कोणी घेत नाही, ती जेवणात संपवा: पहिल्या मजल्यावर आठ नंबरच्या दाराजवळ कुपन घेऊन जेवायची जागा आहे, विमानतळाचे कर्मचारी तिथेच जेवतात. आम्हाला वेळ कुठला, आम्ही उपाशीच विमानात बसलो. मिरचीच्या ठेच्याची बरणी पाठीवरच्या बॅगेत राहिली होती, ती सुरक्षा तपासणीत गेली. १०० मिलीचा नियम ठेच्यालाही लागतो. आत्याने खास मागवली होती.

मुंबईला रात्री एकच्या सुमारास उतरलो, बोरिवलीहून सकाळची गाडी धरली. बडोदा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दांडिया बाजारचे दीडशे सांगितले. बॅग त्याच्या सीटवर टाकली आणि गुजरातीत म्हटलं, "सित्तेर आपीश," सत्तर देईन. त्रेचाळीस दिवसांनी पहिल्यांदा भांडायला भाषा होती. ऐंशीवर तुटलं, पण मी सूरसागर तळं येईपर्यंत भांडत होतो.