मोत्यांचा फॉन्ट

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिकांचं डीटीपी करून मला बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही फॉन्ट निवडतो. फॉन्ट नवरीची मावशी निवडते.

या वेळीही तसंच झालं. आतला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मराठीत, पण वर नवरीचं, अनघाचं, नाव इंग्रजीत, 'त्या लफ्फेदार अक्षरात'. म्हणजे एडवर्डियन स्क्रिप्ट. एड बेंग्विआट या अमेरिकन अक्षररचनाकाराने १९९४ साली केलेला फॉन्ट, टोकदार लवचीक निबाचा: दाब दिला की जाड, सोडला की केसासारखी रेघ. आपल्या बोरूची जाडी टोकाच्या कापातून येते, दाबातून नाही. म्हणून मराठीत 'अगदी तस्संच' मागणाऱ्यांना मी आधीच हात जोडतो.

वर मावशीचा हुकूम: "अक्षरं जरा लांब लांब करा." अहो, अक्षराला अक्षर जोडलेला फॉन्ट तो! अंतर वाढवलं की सांधे उसवतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते तसंच. ते कसंबसं टाळलं. मग शेवटच्या 'ए'ची शेपटी लांबवायची होती, म्हणून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्या, आणि ब्रेक केलं, म्हणजे तुकडे सुटे केले. ब्रेक केलं की 'ए' आणि 'जी'ची पोटं भरून काळी होतात. ती मोकळी करायला सगळं सिलेक्ट करून कम्बाइन, म्हणजे सगळे तुकडे एकत्र. बावीस वर्षांची सवय, बोटं आपोआप जातात.

चूक तिथेच झाली. कम्बाइनमध्ये दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात, तेवढी जागा पोकळ होते. आधी प्रत्येक अक्षराचं पोट वेगळं मोकळं करायचं, मग सगळ्यांना वेल्ड, म्हणजे सांधे भरून एकजीव. शिरोरेषेच्या बाबतीत हे मी पोरांना ओरडून ओरडून शिकवलंय.

प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं. मोबाइलवर प्रूफ बघणाऱ्याला काय दिसणार कपाळ! ओके आलं, फॉइल छापायचा ब्लॉक झाला, मरून कार्डावर सोनेरी फॉइल बसलं. साडेतीनशे कार्डं. गठ्ठा सोडला तर अनघाच्या प्रत्येक सांध्यावर खसखशीएवढा मरून ठिपका. चार सांधे, चार ठिपके. पोटात गोळा आला. नवा ब्लॉक, नवी कार्डं, मुहूर्ताला अठरा दिवस. माफी मागायची, अर्धे पैसे सोडायचे, असं ठरवून नमुना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

नवरीच्या आईने कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं. मावशीला हाक मारली. म्हणाली, "दादा, हे मधे मधे मोती घातलेत ना, किती नाजूक दिसतायत. नथीसारखे."

मी म्हणालो, "हो. हाताने घालावे लागतात."

हे तोंडातून कसं गेलं ते अजून कळलेलं नाही. पूर्ण पैसे मिळाले, शिवाय पेढे.

काल मावशीचा फोन आला. तिच्या मुलीचं ठरलंय. तोच फॉन्ट हवाय, मोत्यांचा. मुलीचं नाव इंग्रजीत अकरा अक्षरांचं आहे. फाइल सकाळपासून उघडी आहे, आणि पोरगा मागे उभा राहून विचारतोय, "सर, वेल्ड करू का?"