त्याच पोत्यातली पेंड

"तेच खाऊन आमच्या कोंबड्या ठणठणीत आहेत हो डॉक्टर, मग ह्यांनाच काय झालं?" खोकं टेबलावर ठेवता ठेवता आबांनी विचारलं. खोक्यात बदकाची पाच पिल्लं होती. तीन आदल्या दोन दिवसांत गेली होती. उरलेल्यांतलं एक कुशीवर पडून पाय झाडत होतं, मान पार पाठीला टेकलेली. बाकीची चार अर्धवट डोळे मिटून एकमेकांना चिकटून बसली होती. एरवी बदकाची पिल्लं दवाखान्यात आली की बाहेर बसलेल्या कुत्र्यांनाही कळतं, इतका कलकलाट करतात. ही गप्प होती.

जुलै महिना. चार दिवस झड लागलेली. आबा धायरीहून रिक्षाने आले होते, सोबत आठ-नऊ वर्षांची नात. घरामागे अंगण, त्यात पाच-सहा गावरान कोंबड्या. नातीने हट्ट धरला म्हणून आठवडी बाजारातून आठ पिल्लं आणली. आता ती तीन आठवड्यांची झाली होती, पण अंगाने दहा दिवसांचीही वाटत नव्हती. हे मला सगळ्यात आधी खटकलं. बदकाचं पिल्लू फार झपाट्याने वाढतं, काल पाहिलेलं आज ओळखू येऊ नये इतकं. न वाढणारं पिल्लू बरेच दिवस आतून आजारी असतं.

तरी आधी हातमोजे आणि मास्क चढवला, आबांना आणि मुलीला दोन पावलं मागे उभं केलं. एका घरात बदकं भराभर मरतात म्हटल्यावर बर्ड फ्लूचा विचार न करता पुढे जाता येत नाही. २००६ साली देशातला पहिला उद्रेक आपल्याच नवापूरला झाला होता. पण त्या रोगात बहुतेक वेळा उलटं घडतं. बदक विषाणू अंगावर वागवत हिंडू शकतं आणि कोंबड्या पटापट मरतात. इथे कोंबड्या धडधाकट होत्या. आबा जे गाऱ्हाणं म्हणून सांगत होते, त्यानेच माझी पहिली भीती बरीच कमी झाली.

मग पाय पाहिले. पुण्यात घरी पाळलेलं बदकाचं पिल्लू 'उभं राहत नाही' म्हणून आणलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व कमी पडलेलं. कोंबडीचं पिल्लू प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून थोडंफार नायसिन स्वतः बनवतं, बदकाला ते नीट जमत नाही. त्याला खाद्यातून किलोमागे साधारण ५५ मिलिग्रॅम मिळायला हवं, आणि कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात तेवढं असेलच असं नाही. मग घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू मांडीवर बसून सरकायला लागतं. वेळेत आणलं तर काही दिवसांत चालतं. घोट्यावरची शीर जागेवरून घसरल्यावर आणलं तर फारसं काही करता येत नाही.

या पिल्लांचे घोटे मात्र सुजलेले नव्हते, पाय सरळ होते. फक्त पायांची आणि बोटांमधल्या पडद्यांची कातडी जांभळट पडली होती. शिवाय नायसिनच्या कमतरतेने मान अशी मागे जात नाही.

मान अशी मागे टाकून बदकाचं पिल्लू मरतं ते विषाणूजन्य हेपॅटायटिसमध्ये, म्हणजे यकृताच्या दाहात. लहान पिल्लांचाच रोग, कोंबड्यांना होत नाही. तो असता तर उरलेली चारही एक-दोन दिवसांत गेली असती आणि माझ्या हातात करण्यासारखं फारच थोडं राहिलं असतं. म्हणून आबांना म्हटलं, "आजार कधी सुरू झाला ते अगदी पहिल्यापासून सांगा."

आबा म्हणाले, परवा. नात म्हणाली, "नाही आबा, आधीच." आणि मग तिने जे सांगितलं, तसा इतिहास मोठी माणसंही क्वचित देतात. पाच-सहा दिवसांपूर्वी पिल्लांनी खाणं कमी केलं. मग ती स्वतःची आणि एकमेकांची पिसं उपटायला लागली. आवाज बदलला, "रडल्यासारखा". मग लंगडायला लागली. हेपॅटायटिस इतके दिवस थांबत नाही. सकाळी बरं दिसणारं पिल्लू दुपारी गेलेलं असतं. हे हळूहळू चढत आलं होतं. म्हणजे रोज थोडं थोडं पोटात जात होतं.

"रोज काय घालता?"

"चांगलंच घालतो. बाजारातलं काही नाही. तांदळाची कणी, भरडलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात म्हणून पेंड जरा जास्तच."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बदकाच्या पिल्लाला २० ते २२ टक्के प्रथिनं लागतात आणि पेंडीत ती भरपूर असतात. मी पेंडीचं पोतं कुठे असतं ते विचारलं. मागच्या पडवीत, पावसाच्या आधीपासून. सूनबाईंना फोन करून त्यातली मूठभर पेंड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायला सांगितली. तेवढ्यात ते आचके देणारं पिल्लू गेलं.

मुलीने विचारलं, "ताई, ते उठेल ना?" मी नाही म्हणून सांगितलं. लहान मुलांना अशा वेळी झोपलंय वगैरे सांगू नये असं माझं ठाम मत आहे. ती विश्वासाने विचारत असते. आबांची परवानगी घेऊन पिल्लू आत नेलं आणि उघडून पाहिलं. यकृत मोठं झालेलं, फिकट पिवळसर. मूत्रपिंडं सुजलेली. हेपॅटायटिसमध्ये यकृतावर रक्ताचे ठिपके आणि डाग उठलेले दिसतात, तसे इथे नव्हते. यकृताचा तुकडा औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवण्यासाठी बाजूला काढला. तोवर सूनबाई स्कूटरवरून भिजत पिशवी घेऊन आल्या होत्या. पिशवी उघडली आणि कुबट वास आला. पेंडीचे गठ्ठे झाले होते, काहींवर हिरवट पूड.

शेंगदाणा, मका, सरकी दमट हवेत राहिली की त्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. हे विष जगाला कळलं तेच मुळी पक्ष्यांच्या मरणातून. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली, पाठोपाठ बदकांचीही. कारण सापडेना म्हणून त्याला नुसतं 'टर्की एक्स' म्हणत होते. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. आणि या विषाला सगळ्यात हळवा पक्षी म्हणजे बदकाचं पिल्लू. वजनाच्या किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास विष त्याला पुरतं. कोंबडीच्या पिल्लाला त्याच्या दहापटीहून जास्त लागतं. एके काळी खाद्यात अफ्लाटॉक्सिन आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरत.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले. कोंबड्या तेच खात होत्या हे खरं, पण दिवसभर अंगणात किडे-गवत टिपून वर चिमूटभर पेंड. पिल्लांचं मात्र पोटच त्यावर भरत होतं. "वरची बुरशी झटकून, उन्हात वाळवून घातली तर?" त्यांनी विचारलं. नाही. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं. भाजून, उकळूनही पूर्ण जात नाही. आणि बुरशी डोळ्यांना दिसली नाही म्हणजे विष नाही, असंही नसतं.

यावर उतारा नाही. पेंड बंद, ऊब, ग्लुकोजचं पाणी, जीवनसत्त्वं, आणि खायला लागली की स्वच्छ, भरपूर प्रथिनांचं खाद्य, एवढंच. त्या रात्री आणखी एक पिल्लू गेलं. तीन वाचली.

वाचलेल्यांना घरी नेताना आबांनी "आता नक्की काय घालू ते एकदा नीट सांगा" म्हणून खुर्ची ओढली. हाच प्रश्न पिल्लं आणायच्या आधी विचारणारे लोक मला फार थोडे भेटतात. त्यामुळे आबांशी मी सावकाश बोलले.

कोंबडीच्या पिल्लांचं ताजं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचं तयार खाद्य, आणा, पण पावसाळ्यात आठवड्याला पुरेल इतकंच, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून दूर. वाटीभर खाद्याला मोठा चमचाभर ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, वाळवलेलं), म्हणजे नायसिनची सोय झाली. बदकाला कोरडं पीठ गिळवत नाही, चोचीत चिकटतं. म्हणून थोडं ओलसर करा आणि दोन-तीन तासांत न संपलेलं टाकून द्या, कारण भिजवलेल्या खाद्याला या हवेत तेवढा वेळ आंबायला पुरतो. तिसऱ्या आठवड्यानंतर प्रथिनं १६ ते १८ टक्क्यांवर आणा. नाहीतर पिसं हाडांपेक्षा लवकर जड होतात आणि पंखाचं टोक बाहेर वळतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना मुळीच नको. त्यातलं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पाव, बिस्किटं, फरसाण नको. पोट भरतं आणि पोषण शून्य. मेथी, कोथिंबीर बारीक चिरून चालेल, अंगणात हौदभर अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी चाऱ्याची बारीक वनस्पती, लावलात तर फारच उत्तम. पण हिरवं सुरू केलंत की बारीक वाळूची ताटली ठेवा, दळायला दात नाहीत त्यांना.

पाण्याबद्दल मी दोनदा सांगितलं. ते पिल्लांना उथळ बशीत पाणी देत होते, बुडू नयेत म्हणून. बदकाला चोच नाकपुड्यांच्या वरपर्यंत बुडवता आली पाहिजे, नाहीतर नाक आणि डोळे खाद्याने बुजतात. आणि खाद्य ठेवलं की शेजारी पाणी असलंच पाहिजे, दिवस असो वा रात्र. त्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.

"मग टबात पोहायला?" नातीने लगेच विचारलं. आईबरोबरच्या पिल्लांना आईच्या पिसांचं तेल आणि ऊब मिळते. खोक्यातल्या पिल्लांची स्वतःची तेलाची ग्रंथी नीट काम करायला काही आठवडे जातात. तोवर ती भिजली की गारठतात. म्हणून कोमट, उथळ पाणी, काही मिनिटंच, तू समोर बसून, आणि लगेच पुसून ऊब देणाऱ्या बल्बखाली. बल्बचं गणित पिल्लंच सांगतात: खाली गर्दी केली तर थंडी वाजते आहे, लांब जाऊन धापा टाकत असतील तर उकडतंय. पिसं भरेपर्यंत असंच बघत राहायचं. आणखी एक तिला बजावलं, मोठी झाल्यावर कंटाळा आला तरी पाषाणच्या तलावात नेऊन सोडायची नाहीत. तिथल्या रानबदकांना यांचे रोग नकोत, आणि यांना तिथे जगता येत नाही.

पुढे पेंडीचा तपासणी अहवाल आला. विष भरपूर होतं. पण त्या पहिल्या दुपारी, अहवालाच्या कितीतरी आधी, पैसे देताना आबा सहज बोलून गेले की पोतं विकतचं नाही, धाकट्या भावाने दिलंय. भाऊ डोणज्याला राहतो, दोन गाई आहेत, घाऊक पेंड आणतो.

"गाईंनाही हीच पेंड?"

"हो. रोज."

"आणि दूध?"

"आम्हालाच येतं. हिच्यासाठी मुद्दाम. पिशवीचं नको म्हणून."

गाईच्या पोटात गेलेलं हे विष तिच्या यकृतात रूप बदलतं आणि दिवसभरातच दुधात उतरायला लागतं. गाईला वरून काही होत नाही. दुधासाठी कायद्याने घातलेली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि रोज दूध पिणारं लहान मूल समोर उभं होतं. मी आबांना तिथूनच फोन लावायला सांगितला. भाऊ म्हणाले, दूध उकळूनच पितो आम्ही. आबांनी फोन माझ्याकडे दिला.

"काका, उकळून हे जात नाही. पेंड आज संध्याकाळपासून बंद करा. साधारण चार दिवसांत दूध स्वच्छ होईल. तोवरचं पिऊ नका आणि डेअरीलाही घालू नका."

"डेअरीलाही नको?" पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. "बरं. आणि तीन पोती आहेत, त्यांचं काय करू? उकिरड्यावर टाकतो."

"उकिरड्यावर नको, कोंबड्या जाऊन टोचतील. खोल खड्डा काढून पुरा. आणि आबांकडचं अर्धं पोतंही त्यातच टाका."