‘लेकर’ नुसतं जिभेपुरतं नाही

नेदरलँड्समधल्या युट्रेख्त शहरातला माझा पहिला मार्च. कितीतरी दिवसांच्या मळभानंतर लख्ख ऊन पडलं आणि शेजारच्या आजींनी दारातच खुर्ची टाकली. हातात कॉफीचा मग, त्यावर झाकणासारखी ठेवलेली स्ट्रोपवाफल, म्हणजे पाक भरलेली पातळ गोल वाफल. वाफेनं आतला पाक मऊ झाला की मग ती खायची. माझी चाहूल लागली तशा त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “लेकर, ना?”

डच भाषेच्या वर्गात ‘लेकर’ म्हणजे चवदार असं शिकवलं होतं. मी म्हटलं, हो, मलाही आवडते स्ट्रोपवाफल. त्यांनी हसून बोट वर केलं, उन्हाकडे.

शब्दाचं मूळ जिभेवरच आहे. चाटणे या अर्थाच्या ‘लिकन’शी त्याचं नातं. जर्मनीत तो बहुतेक जेवणाच्या पानावरच राहिला. डच लोकांनी मात्र तो अंगभर पसरवला. गाढ झोप लागली, लेकर. गरम पाण्यानं अंघोळ झाली, लेकर. वारा पाठीशी घेऊन सायकल मारली, लेकर. आणि कणकण वाटत असेल तर “मला लेकर वाटत नाहीये.” फक्त माणसाला जपून लावायचा, कारण तिथे त्याला शारीरिक आकर्षणाचा वास येतो.

आपला ‘गोड’सुद्धा जिभेवरून निघून खूप हिंडला. गोड गळा, गोड बातमी, गोड पोरगी. पण तो बहुतेक समोरच्याचं कौतुक करतो. लेकर स्वतःच्या जिवाला काय वाटतंय ते सांगतो. मावळतीचं आभाळ ‘मोय’, म्हणजे सुंदर. ते बघत कालव्याकाठी पाय सोडून बसणं लेकर.

मला सगळ्यात आवडतो तो “लेकर निक्स दून”. काहीही न करणं, आणि तेही चवीनं. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, रविवारी काय केलंस, तर हे पुरेसं उत्तर असतं. पुढे कुणी खोदून विचारत नाही. आमच्या घरी रविवार म्हणजे माळे झाडायचे, गाद्या उन्हात टाकायच्या. गाद्यांना ऊन मिळायचं, आईला कधी मिळालेलं मला आठवत नाही.

परवा मीही दारात खुर्ची टाकली. तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन.

“काय करतेयस?”

“उन्हात बसलेय.”

“का गं? बरं वाटत नाहीये का?”