आगाऊ

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडून चार दिवस झाले असतील. माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलीची आजी प्रगतिपुस्तक पदराखाली धरून दाराशी आली आणि म्हणाली, "बाई, आमची पोरगी आगाऊ हाय का वो?"

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून प्रत्येक मुलाविषयी 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा रकान्यांत वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. त्यांतल्या शेवटच्या रकान्यात मीच लिहिले होते, 'आगाऊपणे मध्येच उत्तरे देते.' वडिलांनी ते घरी मोठ्याने वाचले आणि मग सुट्टीभर, अगदी मामाच्या गावालाही, पोरीला त्याच नावाने हाक मारली गेली. शाळा उघडल्यापासून तिने एकदाही हात वर केला नव्हता, आणि मी मात्र मुलगी शांत झाली म्हणून समाधान मानत होते, याची मला आजही लाज वाटते.

आजींना बसायला सांगून मी नोंदवही काढली. तिच्या मागच्या बाकावरचा मुलगाही प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो. त्याच्या 'विशेष प्रगती'त मी 'धीटपणे उत्तरे देतो' असे लिहिले होते. पुढची पाने उलटताना अंगावर काटा आला. सारखे प्रश्न विचारणारा एक जण 'चौकस', तर दुसरी 'नको त्या चौकशा करणारी'. गणित सुटेपर्यंत जागचा न हलणारा एक 'चिकाटीचा', दुसरा 'हट्टी'. आणि कोण 'बोलकी' व कोण 'बडबडी', हे बहुधा ती नोंद लिहिताना मी किती दमले होते त्यावर ठरले होते.

आगाऊ म्हणजे खरे तर वेळेआधीचा, एवढेच. आगाऊ रक्कम किंवा आगाऊ सूचना म्हटले तर कोणाला काही खटकत नाही. तोच शब्द माणसाला, त्यातही मुलीला लावला की पायरी सोडल्याचा ठपका बसतो. उलट 'गरीब' हा शब्द पैशाची उणीव सांगतो, पण 'स्वभावाने गरीब मुलगी' ही आपल्याकडे शाबासकी ठरते. ती शाबासकी मिळवण्यासाठीच ही मुलगी गप्प बसू लागली होती, असे मला तेव्हा वाटले.

प्रगतिपुस्तकावर सही झालेली असल्याने खाडाखोड चालत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी ती ओळ एका रेघेने खोडली, बाजूला सही केली आणि लिहिले, 'प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर सुचते. इतरांची उत्तरे ऐकून घेण्याचा सराव द्यावा.' आजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. घरी लेकाला जसेच्या तसे सांगायचे होते.

मुलीचा हात पुन्हा वर झाला तो थेट जानेवारीत, भागाकाराच्या तासाला, आणि तोही खांद्याच्या वर गेला नव्हता.